पहिलं पुस्तक पदरचे पैसे घालून काढावं का?

शाईदौत

नव्यानं लिहिणारी मंडळी भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहेत, फक्त खर्च आपण करायचा म्हणतात. देऊ का पैसे?" माझं उत्तर स्पष्ट आहे: देऊ नका. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडावं, म्हणूनच हा धागा काढते आहे.

लेखकाकडून पैसे घेणाऱ्याचा नफा पुस्तक छापायच्या आधीच त्याच्या खिशात पडलेला असतो. मग तो संपादन कशाला करेल? वितरकाच्या मागे कशाला लागेल? माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेनं भविष्य निर्वाह निधीतले पैसे अशा 'पॅकेज'मध्ये घातले. पुस्तक आलं, प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. पहिल्या प्रकरणात नायिकेचं नाव सुमन आहे आणि चौथ्यात सुनंदा. ते हस्तलिखित छपाईआधी कुणी वाचलंच नव्हतं.

स्वतःचे पैसे घालणारा प्रकाशक वाचतो, कारण त्याला बुडायचं नसतं. 'सत्यकथे'त संपादक राम पटवर्धन नवोदितांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं आणि तशी शाळा आज नाही, मान्य. पण 'मनोरंजन' मासिकानं 1909 मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे आणि दर वर्षी शेकडो अंकांना मजकूर लागतो. सुरुवात तिथून करा. मे-जूनमध्ये कथा पाठवा, गणपती बसेपर्यंत बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात. आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयातून आणून वाचा. युनिकोडमधली फाइल, नाव-पत्ता, शब्दसंख्या आणि सोबत चार ओळींचं पत्र, एवढं पुरतं. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे.

माळरान

ताई, तुमचं म्हणणं पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला लागू पडतं. मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा. पाठवलेल्या कथेला होकार राहू दे, 'साभार परत'सुद्धा येत नाही. फोन केला तर "बघतो" म्हणतात. एका संपादकांनी कथा घेतली, पण माझ्या म्हाताऱ्याचे सगळे संवाद पुस्तकी मराठीत करून टाकले. विचारलंही नाही. आमच्याकडं मेंढरं राखणारा माणूस तसं बोलत नाही हो.

आणि इतिहासाचंच म्हणाल तर तुमच्या 'सत्यकथे'च्या काळातच 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी लघुअनियतकालिकं, म्हणजे जमेल तशी निघणारी छोटी मासिकं, लेखकांनी स्वतःच काढली होती ना? प्रस्थापित अंकांत जागा मिळेना म्हणून. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं तेव्हा दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचं व्यासपीठ मिळालं. ती माणसं दारात थांबून राहिली असती तर मराठी साहित्य आज किती रोडावलेलं असतं!

तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. प्रकाशकाला पैसे देणं वेगळं आणि मुद्रकाला पैसे देऊन आपणच प्रकाशक होणं वेगळं. दुसऱ्यात हिशोब आपल्या हातात असतो. डेमी आकाराचं 160 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानी 10 फॉर्म (एकत्र छापून घडी घालायचे पानांचे गठ्ठे). अक्षरजुळणी, मुद्रितशोधन (छपाईआधी चुका तपासणं), मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, प्रत्येकाचा दर वेगळा विचारून घेता येतो. आता डिजिटल छपाईत 50-100 प्रतीही निघतात, हजार प्रतींचा बोजा घ्यायची गरज नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. 'पॅकेज'वाले त्याचेसुद्धा पैसे लावतात!

काना-मात्रा

मी मुद्रितशोधनाची कामं करते, त्यामुळे दोन्हीकडची हस्तलिखितं हातात येतात. पैसे कोणी घालायचे यावर तुमचं चालू द्या. माझी तक्रार आहे की हस्तलिखित तयार व्हायच्या आतच हा प्रश्न विचारला जातो.

नव्या कथांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट सांगते. वाचकाला माहिती द्यायची म्हणून पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेलं सांगतात. धाकटा भाऊ थोरल्याला म्हणतो, "दादा, आपले बाबा मागच्या वर्षी वारले आणि तेव्हापासून शेत पडीक आहे." हे दादाला माहीत नाही का? त्याऐवजी "बांधावरची बाभळ विकायची का?" असं विचारू दे. शेत पडीक आहे, घरात पैसा नाही आणि आता निर्णय यांनाच घ्यायचाय, हे वाचकाला आपोआप कळतं. वाचक हुशार असतो, त्याला जोडू द्या.

दुसरं म्हणजे कथा मोठ्यानं वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथला परिच्छेद काढा. बहुतेक कथांचं पहिलं पान काढलं तरी काही बिघडत नाही, कारण कथा दुसऱ्या पानावर सुरू झालेली असते. आणि नात्यात नसलेल्या एका तरी माणसाला वाचायला द्या. "छान आहे" म्हणाला तर विचारा, कुठे थांबलात? चहा करायला कुठल्या पानावर उठलात?

माळरान, बोलीबद्दल तुमच्या बाजूनं आहे मी. पण हस्तलिखितासोबत "संवाद बोलीत आहेत, बदलू नयेत" अशी चिठ्ठी जोडत चला. मजकूर आमच्यापर्यंत येतो तेव्हा कुणाचंच सांगणं सोबत नसतं, मग प्रमाणलेखनाचे नियम सरसकट लावले जातात.

बिनसहीचा

दोघांनीही कराराचा विषय काढला नाही, याचं आश्चर्य वाटतं. प्रकाशक कोणीही असो, सही करण्याआधी वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाकडे आपोआप असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच काही छापील करारांत "सर्व हक्क कायमस्वरूपी" अशी ओळ असते. ती खोडून घ्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या आणि रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याचा, हिशोब वर्षातून एकदा लेखी मिळेल हे कलम टाका.

आणि माळरान, एक गोष्ट तुमच्या हिशोबात नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांसाठी. स्वतःच्या खर्चानं घाईत एक पुस्तक काढलंत की ती वाट बंद. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. ही संधी कच्च्या पुस्तकावर घालवू नये.

माळरान

मंडळाची योजना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण तिथंही निवड होते, वेळ जातो. माझ्या कथांतली माणसं म्हातारी आहेत. त्यांनी ते पुस्तक हातात धरावं असं मला वाटतं. हे कारण तुमच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही, पण माझ्यासाठी ते सगळ्यांत मोठं आहे.

ओवीवाली

कवितेचं काय करायचं? कथा-कादंबरीला प्रकाशक मिळेल कदाचित. कवितासंग्रह म्हटला की "विक्री नाही" हे पहिलं वाक्य. धुळ्याहून निघणाऱ्या 'कवितारती'सारखं कवितेला वाहिलेलं नियतकालिक मराठीत किती दुर्मीळ! एक-दोन कविता छापून येतात, संग्रहाचं दार उघडत नाही. मग स्वतः खर्च करणाऱ्या कवीला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

शाईदौत

ओवीवाली, कवितेपुरतं तुमचं बरोबर आहे. मुद्रकाकडे जाऊन शंभर प्रती काढणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण कथासंग्रह आणि कादंबरीच्या बाबतीत माझं मत तेच. माळरान म्हणतात तसा हिशोब हातात आला तरी विक्री हातात येत नाही. राज्यात 11 हजारांहून जास्त शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि मराठी पुस्तकाचा मोठा ग्राहक तीच. ती एकेका लेखकाकडून एकेक प्रत घेत बसत नाहीत, पुरवठादाराच्या यादीतून घेतात, भरघोस सवलतीनं. त्या यादीत शिरायला वितरक लागतो आणि एका पुस्तकासाठी वितरक खातं उघडत नाही. तुमच्या मेंढपाळाची गोष्ट आटपाडीबाहेर वाचली जावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं भांडते आहे. दोन कथा या जूनमध्ये अंकांना पाठवा, बोलीची चिठ्ठी जोडून. एका वर्षानं काय बिघडणार आहे?

माळरान

ताई, दोन कथा पाठवतो, शब्द देतो. पण बाकीच्या आठ कथांचं पुस्तक थांबवत नाही. मंडळाचं अनुदान हातचं जाईल हे समजून-उमजून करतोय. आयएसबीएनचा अर्ज केलाय, मुद्रकाशी 100 प्रतींचा दर ठरलाय. काना-मात्रा, तुमचा मुद्रितशोधनाचा दर कळवाल का? माझ्या पहिल्या कथेचं पहिलं पान काढून टाकायचं की ठेवायचं, तेही तुम्हीच सांगा.