शब्दचर्चा: क्षला ‘चल’ म्हणावे, ‘अज्ञात’ की ‘अव्यक्त’?

विचारणा

३क्ष + ५ = २० या समीकरणात क्षची किंमत ५ च आहे, दुसरी कुठलीही चालत नाही. म्हणजे क्ष जागचा हलत नाही. तरी पाठ्यपुस्तक त्याला ‘चल’ म्हणते आणि या प्रकाराला ‘एकचल समीकरण’. इथे ‘अज्ञात’ किंवा जुना ‘अव्यक्त’ हा शब्द जास्त योग्य नाही का? आणि ‘समीकरण सोडवा’ म्हणतो तसे ‘राशी सोडवा’ म्हणता येईल का?

(पुस्तकांत रोमन अक्षरे असतात. इथे क्ष, य वापरू.)

प्रतिसाद

‘चल’ बरोबर आहे, फक्त तो शब्द समीकरण सुटण्याआधीच्या अवस्थेचा आहे. ३क्ष + ५ एवढेच लिहिले तर ती बैजिक राशी झाली. तिच्यात क्षच्या जागी ० ठेवा, ५ येतात. १ ठेवा, ८. २ ठेवा, ११. क्ष बदलला की राशीची किंमत बदलते, म्हणून तो चल. ‘= २०’ जोडले की एक अट येते: राशीची किंमत २० कधी होईल? क्ष = ५ घेतल्यावर अट पुरी होते. त्या किमतीने समीकरणाचे समाधान होते, म्हणून ५ ही त्याची उकल.

दर वेळी एकच उकल मिळते असेही नाही. क्ष + ३ = क्ष + ५ याला एकही उकल नाही. क्ष + य = ७ याला अगणित आहेत. (क्ष + २)² = क्ष² + ४क्ष + ४ हे तर क्षच्या प्रत्येक किमतीला खरे, म्हणून त्याला नित्यसमानता म्हणतात. ‘अज्ञात’ म्हटले की कुठेतरी एकच संख्या दडलेली आहे असा ग्रह होतो आणि ही तिन्ही उदाहरणे पुढे अडचणीची ठरतात. एका चलातील शाब्दिक उदाहरणापुरते ‘अज्ञात’ म्हणायला माझी हरकत नाही.

प्रतिसाद

‘अव्यक्त’चा संदर्भ: अंकगणित ते व्यक्त गणित, बीजगणित ते अव्यक्त गणित, अशी ती जोडी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिले अव्यक्त ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक. लिहिताना फक्त पहिले अक्षर: या, का, नी. नुसत्या संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ लिहीत. म्हणजे स्थिरपदालाही खूण होती. आपण ती गाळतो.

समीकरणाच्या दोन बाजूंना तिथे ‘पक्ष’ म्हणतात. आपल्या ‘पक्षांतरा’तला (पद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणे) पक्ष तोच. पण त्यांची रीत ‘समशोधना’ची होती: एका पक्षातले अव्यक्त दुसऱ्या पक्षातून वजा करायचे आणि त्या दुसऱ्या पक्षातली रूपे पहिल्यातून. आज वर्गात जे शिकवतात त्यापेक्षा हे जास्त स्वच्छ आहे असे मला वाटते.

प्रतिसाद

पक्षांतराबद्दल पूर्ण सहमत. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य अर्धे खरे आहे आणि मुलांना तेवढेच पाठ असते. ५क्ष − ८ = २क्ष + ७ घ्या. दोन्ही बाजूंतून २क्ष वजा: ३क्ष − ८ = ७. दोन्ही बाजूंत ८ मिळवा: ३क्ष = १५. दोन्ही बाजूंना ३ ने भागा: क्ष = ५. ताळा: डावी बाजू २५ − ८ = १७, उजवी १० + ७ = १७.

पहिल्या दोन पायऱ्यांत पद ‘पलीकडे जाऊन’ चिन्ह बदलल्यासारखे दिसते. तिसऱ्या पायरीत जे हलते ते पद नव्हे, सहगुणक, म्हणजे चलाला गुणणारी संख्या. तिथे मूल एक तर क्ष = १५ − ३ = १२ लिहिते, नाही तर −३क्ष = १५ असताना −३ पलीकडे नेऊन +३ करते आणि उत्तर ५ काढते. बरोबर उत्तर −५. चिन्ह बदलायचा नियम मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदाचा आहे. गुणणारी संख्या आपले चिन्ह घेऊनच भाजक होते. पहिले काही आठवडे ‘पक्षांतर’ हा शब्दच काढू नये, ‘दोन्ही बाजूंत’ असे लिहायला लावावे.

प्रतिसाद

विचारणेतल्या दुसऱ्या भागाबद्दल. ‘राशी सोडवा’ चुकीचेच. राशीला सरळ रूप देतात, तिचे अवयव पाडतात, विस्तार करतात किंवा चलाची किंमत दिली असेल तर तिची किंमत काढतात. सोडवतात ते समीकरण. हा शब्दांचा काथ्याकूट नाही, याने गुण जातात. ‘२क्ष + ६ चे अवयव पाडा’ असे विचारले तर २(क्ष + ३) लिहायचे; मुले मनानेच ‘= ०’ जोडून क्ष = −३ काढतात.

क्ष/२ + क्ष/३ ला सरळ रूप द्यायचे असेल तर उत्तर ५क्ष/६. पण क्ष/२ + क्ष/३ = १० हे सोडवायचे असेल तर दोन्ही बाजूंना लसाविने, म्हणजे ६ ने गुणायचे: ३क्ष + २क्ष = ६०, म्हणून क्ष = १२. समीकरणात छेद घालवायची सवय लागलेले मूल पहिल्या प्रश्नातही ६ ने गुणून नुसते ५क्ष लिहिते. राशीला दुसरी बाजू नसते. ६ ने गुणले की ती सहापट झाली, वेगळीच राशी झाली.

प्रतिसाद

‘पद’ आणि ‘अवयव’ हेही पक्के हवेत. पदे मिळवलेली असतात, अवयव गुणलेले. (क्ष + ६)/६ मध्ये ६ ला ६ ने काट मारून कोणी ‘क्ष’ लिहितो, कोणी ‘क्ष + १’. अंशातला ६ हे पद आहे, ते कापता येत नाही. क्ष = ६ ठेवून पाहा: खरी किंमत २, त्या उत्तरांच्या ६ आणि ७.

पदाबरोबर त्याचे चिन्ह येते. ७ − ३(क्ष − २) मध्ये कंसाला −३ ने गुणायचे: ७ − ३क्ष + ६ = १३ − ३क्ष. इथे दोन ठरलेल्या चुका. एक, आधी ७ − ३ करून ४(क्ष − २). दुसरी, ७ − ३क्ष − ६. क्ष = १ घेतला तर मूळ राशी १०, आणि या दोन्हींच्या किमती −४ व −२.

−क्षचा सहगुणक −१, क्षचा १ (० नव्हे!). ५क्षयमध्ये क्षचा सहगुणक ५य, अंकीय सहगुणक ५. ३क्षय आणि ७यक्ष सजातीय, म्हणजे दोन्हींत चल आणि त्यांचे घात तेच. ३क्ष²य आणि ५क्षय² विजातीय.

प्रतिसाद

ताळ्यासाठी ०, १, २ शक्यतो घेऊ नका. क्ष² आणि २क्ष या दोघांची किंमत ० ला आणि २ ला सारखीच येते. (क्ष + ३)² आणि क्ष² + ९ हे ० ला जुळतात. चूक तशीच लपते. ५ किंवा −३ घ्या.

विचारणा करणाऱ्याकडून

पटले. ‘चल’च ठेवतो. मग म·क्ष + ब = ० अशा रूपात जी इतर अक्षरे येतात, ती काय? चल की स्थिरांक?

प्रतिसाद

म·क्ष + ब = ० मध्ये म आणि ब एका उदाहरणापुरते ठरलेले, उदाहरण बदलले की वेगळे. त्यांना ‘प्राचल’ म्हणतात. म शून्य नसेल तर उकल −ब/म. (म ऐवजी अ घेतला तर क्षच्या शेजारी ‘अक्ष’ तयार होतो आणि भूमितीतला अक्ष आठवतो, देवनागरी अक्षरे निवडताना हे जपावे लागते.)

चल, अज्ञात आणि प्राचल ही अक्षराची तीन रूपे झाली. चौथे रूप मात्र चुकीचे आहे, आणि ते फार आढळते: अक्षर म्हणजे वस्तूचे नाव. ‘एका डब्यात १२ पेन; डबे ड, पेन प; समीकरण लिहा.’ बरेच जण १२प = ड लिहितात, कारण ते ‘बारा पेन म्हणजे एक डबा’ असे वाचतात. ड = ३ ठेवा: पेन ३६ हवेत, म्हणून प = १२ड. सुरुवातीलाच ‘ड = डबे’ न लिहिता ‘ड = डब्यांची संख्या’ असे पूर्ण लिहून घेतले, तर ही चूक बरीच कमी होते.