पाच वर्षांच्या फेरेटचे मागचे पाय लटपटतात

प्रश्न (रानवाट)
माझा नर फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) पाच वर्षांचा आहे. गेल्या काही आठवड्यांपासून झोपेतून उठल्यावर त्याचे मागचे पाय लटपटतात, चालता चालता तो मध्येच थांबून शून्यात पाहत राहतो आणि कधीकधी लाळ गाळत पुढच्या पंजांनी तोंड खरवडतो. बेदाणा किंवा केळ्याचा तुकडा दिला, की थोड्याच वेळात तो पुन्हा नेहमीसारखा उड्या मारू लागतो. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतात हे ठाऊक आहे, पण अलीकडे त्याला जागे करायलाच बराच वेळ लागतो. हे सांध्यांचे दुखणे असावे का?

प्रतिसाद (निशिगंध)
गोड खाल्ल्याबरोबर तरतरी येते, हीच तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची खूण आहे, कारण सांधे दुखत असते तर बेदाण्याने त्यांना उतार पडला नसता. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी होणे बरेच आढळते. त्या गाठींतून जादा इन्सुलिन स्रवते, रक्तातील साखर घसरते आणि मग नेमके हेच दिसते: मागचे पाय लुळे पडणे, टक लावून पाहणे, लाळ गळणे, तोंड खरवडणे. पशुवैद्याकडून रक्तातील साखर लवकरात लवकर तपासून घ्या. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आली, तर या आजाराचा संशय बळावतो.

बेदाणे आणि केळे मात्र आजच बंद करावे, असे मी आग्रहाने सांगेन. गोड पोटात गेले की साखर झपाट्याने वर चढते, त्याला उत्तर म्हणून गाठी आणखी इन्सुलिन सोडतात आणि काही वेळाने साखर पूर्वीपेक्षाही खाली जाते. फेरेट पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे, त्यामुळे प्राणिज प्रथिने आणि चरबी भरपूर असलेले खाद्य त्याच्यासमोर रात्रंदिवस असू द्यावे.

प्रतिसाद (पाऊलखुणा)
निशिगंध यांच्याशी सहमत आहे. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून मात्र त्याला उपाशी ठेवू नका. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकते, त्यामुळे रात्रभराचा उपास अशा प्राण्याला झटक्यापर्यंत नेऊ शकतो. किती वेळ खाद्य काढून ठेवायचे हे पशुवैद्यानेच ठरवावे.

तो कोसळला किंवा त्याला झटके आले, तर मधाचे किंवा साखरेच्या पाकाचे बोट हिरड्यांवर चोळा. गोड बंद करण्याला हा एवढाच अपवाद आहे. झटका चालू असताना दातांच्या मध्ये बोट घालू नका आणि तोंडात पातळ काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर येऊन गिळू लागला की लगेच मांसाचे मऊ खाद्य भरवा आणि तडक दवाखाना गाठा.

रानवाट
आपणा दोघांचे मनापासून आभार. आजार तोच निघाला तर तो बरा होतो का? पिंजऱ्यातही काही बदल करावेत का?

प्रतिसाद (निशिगंध)
शस्त्रक्रियेने दिसणाऱ्या गाठी काढता येतात, पण कालांतराने त्या पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते. प्रेडनिसोलोन किंवा डायझॉक्साइड ही औषधे साखर सावरून धरतात, गाठी नाहीशा करत नाहीत. तरीही वेळेवर औषध आणि वेळेवर खाणे मिळाले, तर अनेक फेरेट बराच काळ चांगले जगतात. औषध सुरू झाल्यावर ते मनाने अचानक थांबवू नये.

पिंजऱ्यातले उंच मजले आणि उभ्या शिड्या काढून टाका. झोपण्याची झोळी जमिनीलगत बांधा, आणि खाद्य, पाणी व शौचाचा ट्रे झोपेच्या जागेपासून चार पावलांवर आणा, कारण उठल्या उठल्या पाय साथ देत नसताना भांड्यापर्यंत पोहोचणे हेच त्याला सर्वांत अवघड जाते. फेरेटला उकाडा सोसत नाही, म्हणून खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. पाय लटपटतात तेव्हाचे चित्रीकरण करून ठेवा, कारण दवाखान्यात तो नेमका ठणठणीत दिसण्याचीच शक्यता अधिक असते.