जुनी मंडई पाडायचा विषय सभेत आलाय, थांबवता येतो का? (आणि थांबवावा का?)

नळकोंडाळं:
नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, गाव छोटं आहे, कोण लिहितंय ते लगेच कळतं. क वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातली नगरपरिषद आहे एवढं पुरे. बाजारपेठेत आमची जुनी भाजी मंडई आहे, काळ्या दगडाची, वर मंगलोरी कौलं, आत लाकडी कैच्या, ब्रिटिशांच्या वेळची. चार वर्षं प्रशासक होता तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही, आता नवीन बॉडी बसलीय आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 11 नंबरला विषय आलाय की जीर्ण झालेली मंडई पाडून त्या जागी बीओटीवर (म्हणजे बिल्डर स्वतःच्या पैशाने बांधणार, काही वर्षं चालवणार, मग परत देणार) तीन मजली व्यापारी संकुल बांधणे. नगरसेवक म्हणतात नगरपरिषदेचा एक रुपया जाणार नाही, उलट उत्पन्न येईल. इकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. मी घरी म्हटलं मंडई वाचवायला पाहिजे, तर आई म्हणाली दगड पिऊन तहान भागणार आहे का तुझी. खरं सांगू का, मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न दोन. एक, असा निर्णय नक्की होतो कसा, सामान्य माणसाला मध्ये कुठे बोलता येतं? आणि दोन, पाण्याला पैसे नाहीत तिथे जुन्या इमारतीवर खर्च करा म्हणणं बरोबर आहे का? इमारत 100 वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणजे हेरिटेज झालीच ना?

रोजकीर्द:
शेवटच्यापासून घेतो. नाही, 100 वर्षं झाली म्हणून आपोआप काही होत नाही, हा गैरसमज गावोगावी आहे. एक तर पुरातत्त्व खात्याने, केंद्राच्या किंवा राज्याच्या, स्मारक म्हणून जाहीर केलेली पाहिजे, नाहीतर तुमच्या हद्दीतली वारसा यादी रीतसर मंजूर होऊन तिच्यात नाव पाहिजे. बहुतेक छोट्या गावांत यादीच नसते. म्हणजे कागदावर तुमची मंडई आज फक्त एक जुनी मिळकत आहे, आणि यादीत नसलेली इमारत पाडायला कोणाला फारसं विचारावं लागत नाही.

आता पैशाचं. मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी काढली (कुठल्या ते राहू द्या). पाण्याचे पैसे आणि मंडईचे पैसे एका पिशवीत नसतात हो. आईंना हे सांगा. 15 व्या वित्त आयोगात आपल्यासारख्या शहरांना जे अनुदान आलं त्यातलं 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचं, त्यातलं अर्धं पिण्याच्या पाण्याला नि अर्धं स्वच्छतेला, राहिलेलं 40 टक्के अबंधित, त्यातूनही पगार करता येत नाहीत. बंधित पैशातून मंडईचं कौलसुद्धा बदलता येत नाही. आणि मंडई पाडली म्हणून पाण्याच्या हेडला एक रुपया वाढत नाही. तुमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं ते बहुतेक गळती, पंपाचं वीजबिल आणि न भरलेली पाणीपट्टी यामुळे, मंडईमुळे नाही. नगरपरिषदांची जकात 1999 साली गेली, तेव्हापासून पगार सरकारच्या सहायक अनुदानावर आणि स्वतःचं म्हणून काय तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं. त्यामुळे 'उत्पन्न येईल' हा शब्द सभेत लगेच चालतो, नगरसेवकांना सगळाच दोष देऊ नका.

पण खरी मेख पुढे आहे. बीओटी म्हणजे जागा बिल्डरला 30 वर्षं वगैरे भाडेपट्ट्याने जाणार. नगरपरिषदांचा जो 1965 चा कायदा आहे त्याचं कलम 92 वाचा. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने स्थावर मिळकत द्यायची तर शासनाची परवानगी लागते, आणि प्रस्तावासोबत ठराव लागतो तो एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताचा. हजर असलेल्यांच्या नाही, एकूण. समजा 20 जणांची बॉडी असेल तर 14 लागणार. बऱ्याचदा सभेत 'एकमताने मंजूर' लिहून मोकळे होतात आणि हजेरीवर सह्या 12 असतात. ती हजेरी बघा. ठराव बेकायदेशीर वाटला तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, ते अंमलबजावणी थांबवू शकतात. 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विषयाची टिपणी (विषय सभेपुढे ठेवताना कार्यालय लिहितं ती नोंद), स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) आणि मागच्या 10 वर्षांचा त्या इमारतीचा दुरुस्ती खर्च मागा. टिपणी पहिली मागा, सगळं तिथे असतं. ठराव म्हणजे नुसती वरात, लग्न टिपणीत लागलेलं असतं.

पेठेतली:
रोजकीर्द काका, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं 😀

नळकोंडाळं, तुमच्या आईंचा प्रश्न पुण्यात 140 वर्षांपूर्वी विचारून झालाय आणि विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 ला व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून त्याच्या स्वागताला 1000 रुपये खर्चायचा विषय आला तेव्हा 32 सदस्यांत विरोध करणारे ते एकटे. आणि मग नवीन मंडई बांधायची टूम निघाली. तोपर्यंत भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरायचा. त्यावरही जोतीरावांचं म्हणणं होतं की इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला. ऐकलं नाही कोणी. इमारत झाली, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि चहूकडे पसरलेल्या पाखांची, 1886 ला गव्हर्नर लॉर्ड रे च्या हस्ते उघडली आणि नावही त्याचंच, रे मार्केट. आज तिचं नाव काय आहे? महात्मा फुले मंडई!! ज्या माणसाने विरोध केला त्याचंच.

यातून लोक दोन्ही अर्थ काढतात, एक गट म्हणतो बघा तेव्हा ऐकलं असतं तर मंडई झालीच नसती, दुसरा म्हणतो बघा फुलेसुद्धा म्हणाले की इमारतींवर खर्च नको. मला दोन्ही पटत नाही. जोतीराव *नवीन* बांधकामाच्या खर्चाला विरोध करत होते. तुमच्याकडे आज नवीन बांधकाम कुठलं आहे? तीन मजली संकुल. मंडई तर बांधून झालेली आहे, तिचे पैसे तुमच्या खापरपणज्याने भरलेत. म्हणजे फुल्यांचा दाखला द्यायचाच तर तो संकुलाच्या विरोधात जातो.

गाळा नं. 7:
हे सगळं वाचायला छान आहे पण दगडी इमारतीचे फोटो काढणाऱ्यांनी जुलैत एक दिवस आत बसून दाखवावं. माझे वडील 40 वर्षं मंडईत बसले. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पागोळी गळायची म्हणून आम्ही लहानपणी भर दुकानात छत्री उघडून बसायचो, गिऱ्हाईक हसायचं. खाली चिखल, संडास नाही, बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. कोणी हेरिटेज म्हटलं की आम्हाला राग यायचा, तेव्हा आमच्या गावात पाडायचा विषय आला तर आम्ही गाळेधारकांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आता पुढचं ऐका. पाडली. दीड वर्षात नवीन गाळा म्हणाले, सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. संकुल झालं तेव्हा तळमजला रस्त्याकडचा सगळा मोबाईलवाले कपडेवाले यांना लिलावात गेला, डिपॉझिट ऐकूनच आम्ही परत फिरलो, आणि भाजीवाल्यांना दिला पहिला मजला. आता तुम्हीच सांगा भाजी घ्यायला जिना कोण चढतं? म्हातारी माणसं? वरचे गाळे रिकामे, भाजीवाले परत खाली रस्त्यावर, आणि अतिक्रमण म्हणून गाडी आमचीच उचलते. उत्पन्न आलं असेल, पण वरच्या दोन मजल्यांना अजून कुलपं आहेत, त्यांचं भाडं कोण देतंय? तेव्हा नळकोंडाळं भाऊ, वाचवायची तर वाचवा पण आत संडास, उजेड आणि गळकं छप्पर आधी. आणि पाडायचीच झाली तर सध्याच्या गाळेधारकांना तळमजल्यावरच, आजच्या एवढीच जागा, हे करारात लिहून घेतल्याशिवाय जागचं हलू नका. तोंडी शब्दाला काही अर्थ नसतो. माझ्याकडे तोंडी शब्दांचं अख्खं पोतं आहे.

ओळंबा:
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो, म्हणून गळतीबद्दल लिहितो. गाळा 7 दादा, कौलारू छप्पर गळतं तेव्हा 10 पैकी 8 वेळा कौल फुटलेलं नसतं, पन्हळ तुंबलेली असते. दोन उतरणी मिळतात तिथली पन्हळ, तिच्यात कबुतरांची विष्ठा, पाला, प्लास्टिक पिशव्या. पाणी मागे फिरतं आणि भिंतीत बसलेल्या तुळईच्या टोकाला लागतं. वरून तुळई ठणठणीत दिसते, भिंतीतलं एक वीत टोक मात्र हातात घेतलं तर भुसा. एका पावसाळ्यात नाही होत, 15 वर्षं पन्हळ साफ न करता होतं. एप्रिल-मे मध्ये दोन माणसं दोन दिवस चढवली तर काम संपतं. पण 'पन्हळ सफाई' चं भूमिपूजन होत नाही ना, नारळ फुटत नाही, कोनशिला लागत नाही. म्हणून अंदाजपत्रकात देखभालीला चिरीमिरी आणि मग एक दिवस इमारत 'जीर्ण' होते.

दुसरं म्हणजे दरजा, दगडांच्या सांध्यातल्या फटी. जुनं बांधकाम चुन्याचं असतं. चुना ओल आत घेतो आणि बाहेर टाकतो. कोणीतरी मध्ये कधीतरी सिमेंटने दरजा भरलेल्या असतील किंवा गिलावा मारलेला असेल, त्याने ओल आत कोंडते आणि दगड पापुद्र्याने सुटायला लागतो. लोकांना वाटतं दगड म्हातारा झाला. तुमच्या मंडईत तसे राखाडी पट्टे दिसतात का बघा. आणि पिंपळ. भिंतीतला पिंपळ वरून तोडू नका, तो दुप्पट फुटतो, मूळ काढावं लागतं.

ऑडिट मागाल तेव्हा बघा ते कोणी केलंय. नुसतं बाहेरून फोटो काढून 'इमारत मोडकळीस आलेली आहे' असं एका पानाचं पत्र असेल तर ते ऑडिट नव्हे.

रोजकीर्द:
ओळंबा, भूमिपूजनाचं अगदी बरोबर. भांडवली कामाला बाहेरून पैसे येतात, सरकारच्या योजनांतून, वैशिष्ट्यपूर्ण योजना म्हणा नगरोत्थान म्हणा, देखभाल मात्र स्वतःच्या खिशातून करायची असते. म्हणून दुरुस्ती करण्यापेक्षा पाडून बांधणं नगरपरिषदेला 'स्वस्त' पडतं. इंजिनिअरने दुरुस्तीचं एस्टिमेट केलंच नसेल, पैज लावतो.

नळकोंडाळं:
सगळ्यांचे आभार, थोडा उशीर झाला लिहायला. काका पैज जिंकलात. टिपणी मिळाली, दोन पानं आहे, दुरुस्तीला किती लागतील हा आकडाच कुठे नाही. ऑडिट म्हणजे ओळंबा म्हणाले तसंच एक पान. दुरुस्ती खर्चाच्या रकान्यात 10 वर्षांत एकच नोंद आहे, रंगरंगोटी, तीही कुठल्यातरी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या महिन्यातली.

सभेला गेलो होतो, मागच्या बाकावर बसू दिलं. 11 नंबरचा विषय आला तेव्हा एका नगरसेविका ताईंनी उठून विचारलं की कलम 92 चं बहुमत आहे का, आणि भाजीवाले कुठल्या मजल्यावर जाणार (हा दुसरा प्रश्न मी गाळा नं. 7 यांची पोस्ट दाखवून त्यांना दिला होता). मुख्याधिकारी म्हणाले माहिती घेऊन सांगतो. विषय तहकूब. रद्द नाही, तहकूब, पुढच्या सभेत परत येणार हे माहितीये. दुरुस्तीचं एस्टिमेट सोबत ठेवा असं मात्र इतिवृत्तात आलंय.

आईला बंधित-अबंधित समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली मग त्या पाण्याच्या पैशाची टिपणी पण माग की. तो अर्ज उद्या टाकतोय.

आणि काल वॉचमनला सांगून शिडीवरून वर बघून आलो. पन्हळ दिसतच नाही, तिच्यात हिरवंगार गवत उगवलंय आणि मधोमध टोमॅटोचं रोप, त्याला तीन टोमॅटो लागलेत.

गाळा नं. 7:
भाव काय लावणार 😂