मदत हवी आहे: कपाटाच्या एका कप्प्यात, घरात कुणाला न दुखवता पेगन अल्टर कसं मांडू?

नमस्कार. मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते. आजी आणि मी एका खोलीत. मला माझ्यापुरतं लहानसं पेगन अल्टर, म्हणजे निसर्गपूजेची मांडणी, करायचीय, आणि घरात कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं हवंय. इथे कुणी असं काही जपत असेल तर जरा सविस्तर सांगा.

पेगन म्हणजे करणी-भानामती का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. नाही. मी विक्काची, म्हणजे निसर्गाला मानणाऱ्या एका आधुनिक पेगन पंथाची, उपासना करते, एकटीनं, कुठल्या गटात नाही. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट (जादूटोणा) कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रज लेखकामुळे ही उपासना उघडपणे लोकांपुढे आली. वर्षाचे आठ सण, पौर्णिमा-अमावस्या, पृथ्वी-वारा-अग्नी-पाणी यांचा मान, देवी आणि देव दोघंही. कुणाचं वाईट चिंतणं त्यात बसत नाही. घरच्या देवाला सोडून मी हे करत नाहीये, पण हे माझं आहे आणि मनापासूनचं आहे.

आमचं घर लिंगायत. आजीच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. आंघोळ झाली की ती ते डाव्या तळहातावर घेऊन बसते, कपाळाला विभूती, समोर बेलाची पानं, डोळे मिटलेले. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. तिची अख्खी पूजा तळहातावर मावते हे मी लहानपणापासून बघत आलेय. मला हवंय ते याहून फार वेगळं नाही. पण तिला ते समजावून सांगायचं बळ अजून माझ्यात नाही, आणि या वयात तिच्या जिवाला घोर लावायचा नाही.

आता अडचणी. लोखंडी कपाटातला मधला कप्पा माझा. हातभर खोल, वीतभर उंच, अर्ध्यात ओढण्या. कुलूप लावलं तर उलट सगळ्यांना शंका येईल. कपड्यांशेजारी ज्योत पेटवायची नाही हे माझं पक्कं आहे. उदबत्तीही नको, आजीला धुराचा ठसका लागतो. मेणबत्ती नुसती ठेवायची म्हटली तरी उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 43-44 पर्यंत जातो आणि वरच्या मजल्यावरच्या त्या कपाटात मेण मऊ पडतं.

दुसरं म्हणजे वस्तू. बाहेरच्या देशातले लोक सांगतात की मीठ, राख, दोरा, वाळलेल्या मुळ्या एका डबीत ठेवा, कुणाला कळणार नाही. आपल्याकडे नेमकं तेच सापडलं तर आई घाबरून रडेल. दृष्ट काढायला मीठ-मोहरी प्रत्येक घरात असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण तेच मीठ कपड्यांखाली पुरचुंडीत सापडलं की अर्थ बदलतो. म्हणून लिंबू, काळा दोरा, टाचणी, राख यांतलं काही मी ठेवणारच नाही. त्याऐवजी काय?

तिसरी अडचण दिशेची, आणि माझं सगळ्यात जास्त तिथेच अडलंय. सहसा पृथ्वी उत्तरेला, वारा पूर्वेला, अग्नी दक्षिणेला आणि पाणी पश्चिमेला मांडतात. इंग्लंडात दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच दिसतो, तेव्हा तिथे अग्नी दक्षिणेला शोभतो. सोलापूर 17.7 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. 21 जूनच्या सुमाराला, म्हणजे लिथा या आमच्या सणाला, गच्चीत काठी उभी केली तर दुपारी तिची सावली दक्षिणेकडे पडते. मग त्या दिवसांत अग्नी उत्तरेला हलवायचा का? ऑस्ट्रेलियातले बरेच जण अग्नी उत्तरेला मांडतात आणि सणही सहा महिने सरकवतात. आपण ना इकडचे ना तिकडचे.

सणांचंही तसंच. 1 मेच्या बेल्टेनला तिकडे रान फुलतं, इकडे काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळलेली असते. 1 ऑगस्टचा लुनासा हा पहिल्या धान्याचा सण, आणि आपल्या रब्बी ज्वारीची तेव्हा पेरणीसुद्धा झालेली नसते. ओकची पानं आणि हॉलीच्या फांद्यांची चित्रं लावून मला खोटं खोटं काही करायचं नाही. इथल्या मातीतलं करायचंय. कृपया "आईला सांगून मोकळी हो" एवढंच लिहू नका, त्याचा विचार माझा चालू आहे.

प्रतिसाद
ताई, स्टीलचा मिसळणाचा डबा घ्या, सात वाट्यांचा. भांड्यांच्या दुकानात तळहातापेक्षा जरा मोठा, छोट्या मापाचाही मिळतो. झाकण लावलं की डबा, काढलं की अल्टर. मधली वाटी देवीची. कडेच्या सहा वाट्यांपैकी एक बरोबर उत्तरेला धरली की समोरची दक्षिणेला येते, पूर्वेला दोन आणि पश्चिमेला दोन उरतात. पूर्वेच्या एका वाटीत वारा, पश्चिमेच्या एकीत पाणी, आणि राहिलेल्या दोन ऋतूच्या: त्या महिन्यात जे फुलतं किंवा पिकतं ते. पाणी भरून ठेवू नका, बसायच्या वेळी दोन चमचे घाला आणि नंतर पुसून घ्या. वाऱ्यासाठी वाळ्याच्या मुळीचा छोटा तुकडा ठेवा. धूर नाही, वास मंद, आणि उन्हाळ्यात माठात वाळा टाकणाऱ्या घरात कुणी काही विचारत नाही. अग्नीला मी करंजाच्या तेलाची चिमुकली पणती वापरते, पण ती गच्चीत नेऊन. कपाटात फक्त कोरी पणती आणि वात.

प्रतिसाद
उपासनेचं मला काही कळत नाही, पण मनात कायद्याची भीती असेल तर काढून टाका. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रकार, फसवणूक, इजा आणि लोकांना भीती दाखवून लुबाडणं यासाठी आहे. आपल्या घरात कुणाला त्रास न देता केलेली पूजा त्यात येत नाही. फक्त कुणासाठी "उपाय" करून देऊ नका, पैसे घेऊन तर मुळीच नको.

प्रतिसाद
मी अक्कलकोटकडचा. सण कुठे शोधताय, आपल्या शिवारात आहेत की! तुमचा हिवाळ्यातला सण यूल 21 डिसेंबरच्या सुमाराला येतो आणि आपली येळवस मार्गशीर्ष अमावस्येला, बहुतेक वर्षी दोन्ही जवळजवळच. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, आत दगडाचे पांडव चुन्यानं रंगवून मांडायचे, आंबील, भज्जी आणि उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, पिकात आंबील शिंपडायची. भूमीची याहून उघड पूजा मला माहीत नाही, आणि सगळं गाव ती मिळून करतं. इम्बोल्क या तुमच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सणाला शेवटचा हुरडा ठेवा. लिथाच्या मागंपुढं ज्येष्ठी पौर्णिमेची कारहुणवी, बैलांचा सण, येते, तेव्हा मातीचा बैल. शरद विषुवाच्या पुढेमागे सोलापूरच्या पूर्व भागात आपल्या तेलुगू बायका बतुकम्माची फुलं रचतात, त्यातलं एक झेंडूचं फूल पुरे. लुनासाला मात्र धान्य नको, पेरायचं बियाणं ठेवा. आपल्याकडे तेव्हा आशेवर असतो माणूस.

दिशेचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, दुपारी सूर्य जिकडे तिकडे अग्नी. मे ते जुलै उत्तरेची आणि दक्षिणेची वाटी आपसात बदला. पुस्तक लिहिणाऱ्यानं त्याच्या डोक्यावरचा सूर्य बघितला, तुम्ही तुमच्या.

धागाकर्ती
मनापासून आभार. मिसळणाच्या डब्याचं खरंच सुचलं नव्हतं. आजीच्या जुन्या संसारातला एक लहान डबा माळ्यावर पडलाय, तोच मागून घेईन. कशाला हवा विचारलं तर "माझ्या पूजेच्या वस्तू ठेवायला" म्हणेन. खोटं बोलावं लागणार नाही, आणि बाकीचं तिनं विचारलं तर त्या दिवशी सांगेन. वाट्या बदलायचं पटलं. मेमधला सावली नाहीशी होण्याचा दिवस मी त्यासाठी धरणार, ऑगस्टमध्ये ढगांमुळे दिसेलच असं नाही पण तारखेवरून करता येईल. येळवशीला मामाच्या शेतात जातोच आम्ही, तिथलीच मूठभर काळी माती पृथ्वीच्या वाटीत. एक राहिलं: पौर्णिमेनंतर जुनं मीठ, पाणी, धान्य यांचं काय करता? घरात तुळस आहे, तिथे पाणी घातलं तर चालेल का?

प्रतिसाद
साधं पाणी असेल तर तुळशीला खुशाल घाला. मीठ कालवलेलं असेल तर तुळशीला नाही आणि दुसऱ्या कुठल्या कुंडीतही नाही, झाड जळतं. ते बाथरूममध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या. स्टीलच्या वाटीत मीठ फार दिवस राहिलं तर डाग पडतात, म्हणून खडेमीठ काचेच्या छोट्या बाटलीत घालून ती बाटली वाटीत उभी करा. धान्य महिन्याला बदला, नाहीतर पोरकिडे होतात आणि ते ओढण्यांपर्यंत जातात. जुनं गच्चीत चिमण्यांना. माती बदलायची गरज नाही, पुढच्या येळवशीला त्याच शेतात परत घाला आणि नवी घेऊन या.