पांगतीचं श्रेय नेमकं कुणाचं?

तळेगावकर: काल इथे एकाने लिहिलं, "कायद्याचा बडगा बसला म्हणून नागालँडात अमूर ससाणे वाचले, गावकऱ्यांना पक्ष्यांचं काय पडलंय?" राहवलं नाही म्हणून लिहितोय. हे ससाणे म्हणजे स्थलांतराच्या वाटेवर नागालँडात थांबणारे छोटे शिकारी पक्षी. २०१२ साली तिथल्या दोयांग जलाशयाकाठी एका हंगामात लाखावर ससाणे जाळ्यांत मारले गेल्याचा अंदाज होता. पत्रकार बानो हरालू, पक्षी-अभ्यासक शशांक दळवी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते उजेडात आणलं. पुढच्याच वर्षी जलाशयाजवळच्या पांगती गावातली शिकार थांबली. तिथली जमीन गावाची. ग्रामपरिषद, चर्च, जाळी लावणारे सगळे एकत्र बसले आणि गावानेच बंदी घातली. चार वनरक्षकांनी तिथे काय पहारा दिला असता?

मेधा: गाव आपणहून बसलं असतं? भारत स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, जगभर छी-थू झाली, वरून दबाव आला. २०१३ साली भारतीय आणि हंगेरियन तज्ज्ञांनी 'नागा', 'वोखा', 'पांगती' या तीन ससाण्यांना उपग्रह टॅग लावले, ते सरकारच्या पाठबळावरच.

बार्शीकर: ससाणा किडे खातो, त्याचं कौतुक सोपं आहे. भोरड्या पक्ष्यांचं बोला! ज्वारी हुरड्यात आली की थवा उतरतो आणि कणसं पोकळ. गोफण फिरवून माझ्या आईचा खांदा कायमचा गेला.

मेधा: विषय ससाण्यांचा चाललाय. ज्वारी कशाला मध्ये? आणि याच भोरड्या टोळ खातात म्हणून चीनच्या शिनच्यांगमध्ये त्यांना घरट्यांसाठी दगडांचे ढीग रचून देतात.

बार्शीकर: म्हणजे फायदा चीनच्या कुरणांना आणि राखण आमच्या आईने करायची? रानडुकराने पीक खाल्लं तर पंचनामा होतो. भोरड्यांसाठी कोण येतं बांधावर?

तळेगावकर: बार्शीकर, तुम्ही मूळ मुद्द्यावरच आहात. पांगतीकरांची शेतं दोयांग धरणात बुडाली, म्हणून ते मासेमारीकडे वळले आणि तीच जाळी ससाण्यांवर लागली. हे न बघता त्यांना क्रूर ठरवणाऱ्यांचा मला संताप येतो.

मेधा: क्रूर मी म्हटलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. भरपाई मिळावी, एवढं मान्य. पण उद्या कुणी ज्वारीवर विष टाकलं तर तक्रार करणारी पहिली मीच असेन.

बार्शीकर: विष आमच्यात कुणी टाकत नाही. तक्रारीआधी हुरड्याच्या दिवसांत आठवडाभर राखणीला या. गोफण मी देतो.