लहान पोरांसोबत आंबाझरीची सोपी पायवाट: अनुभव धागा

पळसपान
काल रस्त्याकडेला पळस फुललेला दिसला आणि नागपूरच्या आंबाझरी जैवविविधता उद्यानातल्या रविवारच्या सकाळी आठवल्या. आमची पोरं आता मोठी झाली, पण धाकट्या जावेची नात पाच वर्षांची आहे. म्हणून ज्याला जे पक्कं ठाऊक असेल ते इथे लिहा.

सुरुवात मीच करते. उद्यान साडेसातशे हेक्टरच्या आसपास आहे, तलावाला लागून, बहुतेक सपाट. चढ नाही म्हणून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. मोठा माणूस तासाला ४ किमी चालतो, पाच वर्षांचं पोर थांबत-बघत जेमतेम दीड. म्हणजे ३ किमीच्या फेरीला दोन तास धरा. घड्याळ लावून पन्नास मिनिटांनी परत फिरा, मग समोर कितीही छान दिसत असो. गवताळ भागात सावली तुटक आहे आणि परतताना ऊन वाढलेलं असतं. त्यामुळे पाणीसुद्धा अर्धं संपेपर्यंत थांबू नका, तिसरा हिस्सा संपला की वळा. मोठ्या माणसाला थंडीत तासाला अर्धा लिटर पुरतं, मार्चनंतर पाऊण ते एक.

काळी_माती
बाबागाडी नेऊ नका. मुरमात लहान चाकं रुततात. दोन वर्षांखालचं पोर पाठीवरच बरं.

पावसाळ्यात मुरमाची वाट सोडून काळ्या मातीत पाय टाकला की संपलं. ही माती पाणी पिऊन फुगते, चपलेखाली थर चढत जातो, चार पावलांत एकेक पाय किलोभराचा होतो आणि पोर तिथेच बसकण मारतं. पाणी मुरमातून निथरतं, काळ्या मातीत साचतं, एवढाच फरक. पाऊस थांबून दोन कोरडे दिवस गेले की जा. आणि उतारावर सुटी बारीक खडी असेल तर पोराला पुढे सोडू नका, गोट्यांवर पाय पडल्यासारखा घसरतो.

टिटवी
कुसळ!! कोणी लिहिलंच नाही. ऑक्टोबर ते जानेवारी गवत वाळलं की मोज्यांत शंभर कुसळं.

एक कुसळ हातात घेऊन नीट बघा. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस, वर पीळ पडलेली लांब शेपटी. शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत पडतो, आणि त्या फिरण्याने टोक आत घुसत जातं. बी जमिनीत असंच पेरलं जातं, मोज्यातही तसंच. म्हणून मागे ओढलं की अडकतं आणि तुटतं. मोजा काढून उलटा करा आणि टोकाच्या दिशेने आतून बाहेर खेचा. सुती मोजे, लोकरी पायजमे नकोत. गुळगुळीत टेरिकॉटची फुल पॅन्ट मोज्यावरून खाली सोडा. तळहातावर थेंबभर पाणी टाकून कुसळ ठेवलं तर ते फिरताना दिसतं, पोरं हरखून जातात.

पळसपान
टिटवी ताई, हे फिरण्याचं आजच कळलं. नातीला दाखवतेच.

रोही
झाडाच्या बुंध्याशी मऊ कोरडी धूळ असेल तिथे दोन-तीन सेंटिमीटरचे नरसाळ्यासारखे खड्डे बघा. तळाशी मुंगीसिंहाची अळी लपलेली असते, खड्ड्यात घसरलेल्या मुंग्या खाणारी. काडीने कडेचे दोन कण पाडा, खालून धूळ उडते. पाच वर्षांच्या पोराला रोही (नीलगाय) दिसण्यापेक्षा हे जास्त आवडतं, कारण हे हमखास दिसतं. पावसात खड्डे राहत नाहीत.

दुर्बीण घ्यायची असेल तर पोराला ८ बाय २१ ची, हलकी. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. १० पटीची घेऊ नका, लहान हातात चित्र थरथरतं.

सांभारवडी
डब्यात काय नेता जी तुम्ही? चिप्स नको, तहान लागते.

काळी_माती
दशम्या. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी दूध, चमचाभर तूप. दूध कोमट असू द्या, कढत दुधात गूळ टाकला की नासतं. गूळ पूर्ण विरघळवून गाळून घ्या, खडा राहिला तर तव्यावर करपून काळा डाग पडतो. आच मंद.

सांभारवडी
आमच्याकडे चिमूटभर सुंठ घालतात. संत्री पण न्या, पण सालं परत आणा भाऊ, माकडं वाटेवर बसायला शिकतात.

टिटवी
आग्यामोहोळ दिसलं तर खालून जाऊच नका. सकाळी वासाचं तेल, अत्तर लावून निघू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून सरळ लांब पळायचं. पाण्यात उडी नको, त्या वर वाट बघत राहतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा. कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता ते महत्त्वाचं.

रोही
आणि साप. वाटेच्या मधोमध चाला, दगडाखाली हात नको. चावलाच तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. पायातले पैंजण, बोटातली अंगठी आधी काढा, सूज चढते. पोराला चालवू नका, उचलून न्या, तो पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा. १०८ ला फोन, मग मेडिकल नाहीतर मेयो, ही नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं. साप मारून सोबत आणायचा नाही, त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो.

पळसपान
रोही भाऊ, हे कागदावर लिहून पिशवीतच ठेवते. ओआरएस मी ठेवते, पण एक मोठी पुडी म्हणजे एक लिटर पाणी (लहान असेल तर पुडीवर लिहिलंय तेवढंच), अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने नको. क्षार जास्त झाले तर पोराला उलट त्रास.

सांभारवडी
लघवीची सोय गेटवरच उरकून घ्या बरं, आत गेल्यावर तेच रडगाणं. टिटवी ताई, टेरिकॉटची पॅन्ट लहान मापाची मिळते कुठे? सगळीकडे जीन्सच आहे.

टिटवी
शाळेच्या गणवेशाच्या दुकानात बघा.