ड्रायरच्या आधी हायड्रो बघा

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या लॉजच्या चादरींसाठी थेट हीट पंप ड्रायर (तीच उष्णता परत वापरून कमी विजेत वाळवणारा) घ्यावा का, असं एकानं विचारलंय. घ्या की, पण आधी तुमचा हायड्रो, म्हणजे ओले कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन, किती पिळतो ते बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. साध्या इलेक्ट्रिक ड्रायरला त्याहून जास्तच. तेच पाणी गरगर फिरवून काढायला वीज अगदी किरकोळ. लॉटमागे २० लिटर पाणी कमी राहिलं, की साध्या ड्रायरवर निदान साडेबारा युनिट तिथंच वाचली; हीट पंपवर बचत त्याहून कमी. कोरड्या आणि पिळलेल्या चादरी वजनकाट्यावर टाका, किती पाणी राहिलंय ते लगेच कळेल.

जुन्या हायड्रोची पुली बदलून वेग वाढवायच्या नादाला मात्र लागू नका भावा, ड्रम तेवढ्या वेगासाठी बनलेला नसतो. आणि हीट पंप कमी तापमानावर वाळवतो, वेळ जास्त घेतो. पावसाळ्यात दोरीचा आधार नसतो, तेव्हा ड्रायरची क्षमता त्या हिशेबानं धरा.